कात्रण लावलेलं यंत्र

केडगावात पत्र्याच्या शेडमध्ये तो हातानं फिरवायची कडबा कुट्टी यंत्रं बनवायचा. बोलण्याआधी हात पुसायचा आणि लहानथोर सगळ्यांना ‘मालक’ म्हणायचा. मला म्हणाला की मी ओशाळायचो. कारण त्याचं यंत्र उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यानं, मोडतं, ही आमच्या साप्ताहिकातली निनावी बातमी माझी होती. चहाच्या हॉटेलात ऐकलं आणि लिहिलं. मोडलेलं यंत्र भलत्याच कुणी बनवलेलं निघालं. ऐन दुष्काळात, चारा पुरवून वापरायला लोक यंत्रं घेत असताना, त्याची गिऱ्हाइकं थांबली.

तो भांडायला आला नाही. बेलापूरच्या बाजारात त्यानं यंत्र मांडलं, त्यावर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलं आणि शेजारी वाढ्याचा भारा ठेवला.

“पेपरातलं मोडनारं ते हेच का?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“व्हय मालक, हेच. घाला वाढं, मोडतंय का बगा.”

“पेपरवाल्यानं फिरवून न्हाई बगितलं?”

“त्याच्याकडं कुठं जनावरं हायेत?”

लोक हसले. मी गर्दीत मागं उभा होतो; मग मात्र मला राहवेना. पुढं होऊन म्हणालो, “ती बातमी माझी.”

त्यानं हात पुसले आणि दांडा माझ्या हाती दिला. “फिरवा मालक.”

तळहाताला फोड येईपर्यंत मी फिरवलं. यंत्र मोडलं नाही. ओलं वाढं मात्र दोनदा अडकलं.

“अडकतंय, हे बी लिवा,” तो म्हणाला.

दोन्ही लिहिलं, खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घालून. पुढच्या बाजारात यंत्राभोवती गर्दी होती आणि नवं कात्रण जुन्याशेजारी चिकटवलेलं होतं. जुनं त्यानं काढलं नव्हतं.