शेंदराच्या खोळीचा पंचनामा

ती घटना मला आजही स्वस्थ बसू देत नाही. माझ्या बरोबरीचे फौजदार अजून बंदोबस्तात उभे आहेत आणि मी पस्तिशीतच राजीनामा देऊन 'माजी पोलीस अधिकारी' झालोय. भरतीआधी कॉलेजात पत्रकं लिहून वाटायचो, आता पुन्हा तेच करतो. म्हणून आधीच सांगतो, इथं कोणाचं नाव घेणार नाही, पण कोणाला सांभाळूनही घेणार नाही.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत एका ट्रस्टचं कलासंग्रहालय होतं. प्रादेशिक म्हणवून घ्यायचं, पण प्रदेशातली माणसं फाटकाबाहेर. छत गळकं, फलक फक्त इंग्रजीत, मागची हिरवळ लग्नाच्या स्वागत समारंभांना भाड्यानं. तिथं नव्या संचालक आल्या. मराठवाड्यातल्याच, चाळिशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पहिल्यांदा हिरवळीची भाडी बंद केली. मग फलक मराठीत केले. मग प्रत्येक वस्तू कुठल्या गावातून आली ते विचारत तालुके पालथे घातले. विश्वस्तांच्या मते हे संचालकाचं काम नव्हतं. संचालकानं पाहुण्यांना हार घालावेत आणि गप्प बसावं.

संग्रहालयाच्या एका दालनात देवगाव रंगारीकडच्या धनगर वस्तीवरचा एक देव होता. तलावाच्या कामात मूळ जागा गेली, तेव्हा सरकारनं तो संग्रहालयात आणून ठेवला. देव म्हणजे काय, शेंदराचा लालभडक गोळा. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढून वर जाड कवच झालेलं. त्याला ते लोक खोळ म्हणतात. आत काय आहे कोणाला ठाऊक नाही. त्या वस्तीवरची माणसं दर वर्षी भंडारा घेऊन यायची आणि पहारेकरी त्यांना फाटकावरून परत पाठवायचा. बाईंनी वर्षातला एक दिवस त्यांच्यासाठी दालन उघडलं. ढोल वाजला, हळद उधळली गेली, आणि विश्वस्त भडकले. "संग्रहालय आहे की जत्रा?"

त्या वर्षीचा तो दिवस पार पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौथरा रिकामा.

फिर्याद द्यायला विश्वस्त मंडळाचे सचिव स्वतः आले. संशय धनगरांवर, आणि संचालकांची फूस. त्यांचं म्हणणं, टेम्पोतून मोठमोठ्या पाट्या आणल्या होत्या, त्यातून देव नेला. दालनातला कॅमेरा वायरिंगच्या कामासाठी त्या आठवड्यात बंद होता. वायरिंगचं काम कोणी काढलं, हे मी विचारलं. सचिवांनी घड्याळ पाहिलं. चौकशी सुरू झाल्यावर घड्याळ पाहणाऱ्या माणसांबद्दल माझं एक मत आहे. ते मी तेव्हा स्टेशन डायरीत लिहू शकत नव्हतो.

दुपारपर्यंत वस्तीवरची माणसं ठाण्यात आणली. त्यांच्यात एक म्हातारा पुजारी आणि त्याची थोरली बहीण. तिला आणायला सांगितलंच नव्हतं, ती आपणहून गाडीत चढली होती.

"देव कुठं ठेवला?" मी विचारलं.

"तेच तर तुमाला इचारायला आलोत," म्हातारी म्हणाली. "तुमच्या हवाली केला व्हता ना? का आमी सांभाळायचा आन्‌ तुमी हरवायचा?"

म्हातारा तिला गप्प करू लागला. "आक्का, साहेब हैत ते."

"साहेब हाय तर असू दे. माझ्या नातवाएवढा हाय." मग माझ्याकडं वळून, "लेकरा, आमाला चोरायचा असता तर ढोल वाजवत आलो असतो का रं?"

कोपऱ्यातला हवालदार हसला आणि मी त्याच्याकडं पाहिल्यावर खोकला.

तेवढ्यात संचालक बाई आल्या. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या नाहीत, त्या माणसांच्या बाकावर जाऊन बसल्या. "यांना बसवून ठेवणार असाल तर मलाही ठेवा. फिर्यादीत माझंही नाव आहे."

वरून फोन आला. आजच्या आज अटक दाखव, बाईंनाही सहआरोपी कर, उद्या वर्तमानपत्रात यायला हवं. म्हणजे गरिबाला आत टाकायचं, त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बाईला बडतर्फ करायचं आणि संग्रहालय पुन्हा स्वागत समारंभांना मोकळं. हे गणित माझ्या वरिष्ठांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबा, एवढंच मी फोनवर म्हणालो.

तपासात एक गोष्ट मी शिकलो होतो. पहिला पंचनामा जागेचा होतो, दुसरा त्या जागेच्या मागच्या बाजूचा करावा. संग्रहालयाच्या उपाहारगृहामागं कचऱ्याचा ढीग होता. त्यात लाल तुकडे पडले होते. नारळाच्या करवंटीसारखे, पण जाड.

"विटांचा चुरा दिसतोय सर," हवालदार म्हणाला.

तुकडा हाताला तेलकट लागला. कडेनं पाहिलं तर थरावर थर. गोणीत भरून ठाण्यात आणलं, गोणी टेबलावर उघडली. म्हाताऱ्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. त्याची बहीण भिंतीला धरून खाली बसली.

"खोळ हाय," ती म्हणाली. "कुठं घावली?"

मी गोणीचं तोंड मिटू लागलो. हवालदारानं सांगून टाकलं, "कचऱ्यात."

ती रडली नाही. तिनं तोंडातल्या तोंडात अशा शिव्या घातल्या की आमच्या लॉकअपमधले गडी ऐकत राहिले. मग म्हाताऱ्यानं समजावलं. देव चार-पाच पिढ्यांतून एखाद्या वेळी आपणहून खोळ सोडतो. ती सोडली की परडीत घालायची, डोक्यावर घ्यायची, ढोल लावून तळ्याच्या पाण्यावर न्यायची आणि सोडायची. दिवस मावळायच्या आत. जमिनीवर ठेवायची सुद्धा नाही.

माझ्यापुरता तपास तिथंच फिरला. खोळीचा तुकडा जमिनीवर न ठेवणारी माणसं ती खरकट्यात फेकतील? हे ज्यानं केलं त्याला खोळ म्हणजे घाण वाटत होती आणि आतला दगड म्हणजे माल.

"आतला दगड कोणाला हवा होता?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी लगेच सांगितलं. मंडळावरचे एक विश्वस्त, शहरातले मोठे संग्राहक. आत जुनं उत्तम शिल्प असणार, खोळ काढू द्या, म्हणून ते मागं लागले होते. बाईंनी साफ नकार दिला होता. त्याच विश्वस्तांनी तैलचित्रं दुरुस्त करायला बाहेरून एक कारागीर आणून वरच्या मजल्यावर बसवला होता. वायरिंगचं कामही त्यांच्याच ओळखीच्या ठेकेदाराकडं.

उस्मानपुऱ्यात माझा एक बातमीदार होता, मोटारींच्या सीटकव्हरचं दुकान चालवायचा. त्याला फोन लावून त्या संग्राहकांबद्दल विचारलं. "भाई, उनका ड्रायवर सुबह आया था," तो म्हणाला. "बोलत होता, चितेगावच्या गोदामात रात्री लाकडी पेटी उतरवली, कंबर गेली. मुंबईला जाणार म्हणे."

पंच घेऊन आम्ही चितेगाव गाठलं. पेटी उघडली. आत गवतात काळ्या दगडाचा घोडेस्वार होता, दोन माणसांनी उचलावा एवढा. घोड्याच्या गळ्यात घुंगरांची माळ, टापेजवळ कुत्रा, स्वाराच्या चेहऱ्यावर किंचित हसू. मला कलेतलं काही कळत नाही. तरी हवालदारानं टोपी काढून हातात घेतली.

पेटी ठाण्यात आणली, आणि ते संग्राहक विश्वस्त तासाभरात तिथं आले, इस्त्रीच्या कपड्यांत, वकिलासह. "ही माझ्या खाजगी संग्रहातली मूर्ती. तुमची फिर्याद शेंदराच्या गोळ्याची आहे. संग्रहालयाच्या नोंदीतला फोटो काढा, ताडून पाहा."

नोंदीतला फोटो मागवला. खरंच, लाल गोळा. मुद्देमाल सापडूनही तो ओळखायचा कोणी? बाई म्हणाल्या, "मी आतला देव कधी पाहिलाच नाही. खोटं सांगणार नाही." म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्यानं बी नाय पायला." संग्राहकानं नेमकं हेच हेरलं होतं. शेंदरासकट देव फाटकातून नेला असता तर पहारेकऱ्यानंही ओळखला असता. सोलून नेला, तर जगात एकही साक्षीदार नाही. त्यांनी मला चहा विचारला. माझ्याच ठाण्यात.

बाई मात्र गोणीकडं पाहत होत्या. त्यांनी एक तुकडा उचलला आणि उलटा केला. आतली बाजू गुळगुळीत होती आणि तिच्यावर खळग्यांची रांग होती.

"फौजदार साहेब, साच्याची आतली बाजू कशी असते? ही तशी आहे. खोळ दगडावरच वाढली. दगडाचं सगळं हिच्यात उलटं उतरलं असणार."

मी पंचांना बोलावणार, तोच म्हातारी आडवी आली. बाहेर ऊन उतरलं होतं.

"नाय. आता ती पाण्यावर जायाची. लई इटंबना झाली."

"आजी, ती पाण्यात गेली तर हे सुटतील," मी म्हणालो. "आणि तुमचा भाऊ अडकेल."

"अडकू दे."

"आक्का!" म्हातारा दचकलाच.

मग बाई तिच्याजवळ खाली जमिनीवर बसल्या. "आक्का, ह्याच्यावर कोर्टाचं सील लागेल. आज नाही, उद्या नाही, कधी सुटेल मला सांगता येणार नाही. तोवर ती कोरडीच राहील, हे खरं आहे. पण ही नसली तर तो घोडेस्वार त्यांचा होईल. सुटली की माझ्या डोक्यावर घेऊन मी पाण्यावर नेईन. संचालक असेन नसेन."

म्हातारीनं बाईंच्या पायांकडं पाहिलं. "चपला घालून नाय न्यायची."

"नाही घालणार."

"मंग घ्या."

पंचांसमोर, फोटोग्राफर लावून, बाईंनी तुकडे एकेक करून दगडाला लावले. पहिला बसला नाही. दुसराही नाही. वकील हसत होता. तिसरा त्यांनी घोड्याच्या मानेवर धरला आणि खळग्यांची रांग घुंगरांवर अशी बसली की हात काढला तरी तुकडा पडला नाही. मग कुत्र्याचा कान बसला, मग स्वाराचा गुडघा. संग्राहकांनी पाणी मागितलं. वरच्या मजल्यावरचा कारागीर तोवर ताब्यात होता. त्याला फोटो दाखवल्यावर म्हणाला, "मैंने सिर्फ छिन्नी चलाई साहब, उन्होंने बोला कचरा है." बाकीचं त्यानं न विचारता सांगितलं.

धनगर सुटले. संग्राहकांना अटक झाली, ते जामिनावर बाहेर आले, आणि शहरातल्या कार्यक्रमांत पुन्हा पहिल्या रांगेत बसू लागले. ट्रस्टनं बाईंना कारणे दाखवा नोटीस दिली, संग्रहालयात धार्मिक विधी होऊ दिले म्हणून. चोर विश्वस्त निघाला आणि खुलासा संचालकांनी द्यायचा! बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं: वस्तू जिथून आली तिथल्या माणसांना ती दाखवणं हे माझं काम आहे. घोडेस्वार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आल्यामुळे मंडळाला त्यांना काढायची हिंमत झाली नाही. कोर्टानं मूर्ती बाईंच्या सहीच्या सुपूर्दनाम्यावर संग्रहालयाला परत दिली. अट एकच, निकालापर्यंत तिच्या स्वरूपात कोणताही बदल करायचा नाही. थेंबभर तेल नाही, चिमूटभर शेंदूर नाही.

पुढच्या वर्षी तोच दिवस आला. बंदोबस्ताला मीच होतो. वस्ती शेंदूर घेऊन आली होती, देवाला पुन्हा पांघरायला. बाईंनी दारातच हात जोडून अट सांगितली. एक विश्वस्त मोबाईलवर चित्रण करत बाजूला उभे होते. अट मोडली तर सुपूर्दनामा रद्द, बाई गेल्या, सगळं त्यांना हवं तसं.

म्हातारी पुढं आली. उघड्या देवाकडं तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "लई पोरसवदा हाय की रं," ती भावाला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "लेकरा, हात लावायचा नाय म्हंतोस?"

"नाही आजी. अंगाला काही लावायचं नाही."

"मी कुठं लावतीय?"

तिनं मूठभर भंडारा घेतला आणि सरळ वर छताकडं उधळला. बाकीच्यांनीही उधळला. दालन पिवळं झालं. विश्वस्त, त्यांचा मोबाईल, माझी टोपी, बाईंचे केस, सगळं पिवळं. आणि मधोमध घोडेस्वार.

"नोंद घ्या!" विश्वस्त ओरडले. "स्वरूपात बदल झालाय!"

मी बाईंकडं पाहिलं. त्या विश्वस्तांच्या मोबाईलकडं पाहत होत्या. नोकरी, संग्रहालय, सगळं माझ्या डायरीवर आलं होतं. मी तिथंच उभ्यानं लिहिलं: दालनात धूळ. झाडून घेण्यास सांगितले.

त्यावरून माझी चौकशी लागली आणि ती संपायच्या आत मी राजीनामा दिला. त्याचं वाईट वाटत नाही. या गुन्ह्यानं मला एवढंच शिकवलं की संग्रहालयातली चोरी चौथरा रिकामा झाल्यावर सुरू होत नाही. फाटकावरून त्या वस्तूच्या माणसांना परत पाठवलं जातं, तेव्हाच ती झालेली असते. ती चोरी कुठल्या कलमात बसते ते मला नोकरीत कोणी सांगितलं नाही.

खटला अजून तारखांवर चालू आहे. खोळ आमच्या जुन्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत सीलबंद पडून आहे, कोरडी. बाई प्रत्येक तारखेला कोर्टात येतात आणि म्हातारीही येते. तारीख पुढं गेली की दोघी बाहेरच्या पायरीवर बसून एका पिशवीतल्या भाकरी खातात. परवा मी तिथं गेलो तर म्हातारीनं भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "लेकरा, मी मेल्यावर खोळ सुटली तर ह्या बाईला पाण्याचा रस्ता कोन दावंल?"

मी तिला तळ्यावरचा रस्ता विचारून घेतला.