हाक आली की आधी विचारायचं

मी तलावात कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि तान्ही नात माझ्या हातांवर होती. तिच्या डोक्याला पट्टी होती. पाणी म्हणत होतं, तिच्या डोक्यातलं पाणी माझं आहे, इकडे दे.

नात आईच्या पोटात असतानाच तिच्या डोक्यात पाणी साचलेलं सोनोग्राफीत दिसलं होतं. जन्मल्यावर डॉक्टरांनी डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून नळी घातली. जखम ओली करू नका, म्हणाले, जंतू नळीवाटे मेंदूत जातात. मला ते सगळं कळलं होतं. माझ्या गोळ्या मात्र मी बंद केल्या होत्या. मला काही झालेलंच नाही, तर गोळी कशाला?

मला आवाज ऐकू येतात हे बरीच वर्षं कोणाला उमगलं नव्हतं. मोहफुलं वेचायला आम्ही बाया रानात पांगतो. अस्वलाच्या भीतीने एकीने कू केलं की बाकीच्यांनी कू करायचं. मी जरा जास्तच करत असे. बाया हसत, "हिले अस्वलाचा लय धाक!" एकदा थोरली जाऊ टोपली खाली ठेवून म्हणाली, "कोणाले कू करून राह्यली वो? कोणीच आवाज नाई देल्ला." तिनेच मला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथे गोळ्या सुरू झाल्या. तिनेच बजावलं, "हाक आली का पयले मले इचार. मले आयकू आली तरच खरी."

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. कमळाची पानं बाजूला सरून मला वाट देत होती. फार सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. आणखी एक पाऊल टाकलं आणि सवयीने तोंडातून निघालं, "कू!"

तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊ शेण गोळा करत होती. तिने कू केलं.

"बाई, पाणी पोरीले मांगते. तुमाले आयकू येते का?"

"नाई वो, काईच नाई येत. पोरीले वर धर अन् तशीच माघारी ये."

पाणी बोलतच होतं. मला ऐकू येत होतं, तिला येत नव्हतं. म्हणजे दुखणं माझं होतं. मी वळले.

पट्टीची कड भिजली होती. पोरीला ताप भरला, नळी काढून दुसरी घालावी लागली. सून बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. गोळी मात्र ती स्वतः हातावर ठेवायची, गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

नात आता शाळेत जाते. कधी हाक आली तर मी तिला विचारते. "नाई आजी," ती म्हणते आणि खेळायला पळते.

जाऊ वारली. आता हाक पारखायला नात आणि मी आहोत.