आपला डबा आपण उघडायचा नाही

"तुझा राहू दे. शेजारचीचा उघड."

आमच्या बालवाडीच्या बाईंचं हे वाक्य सातपूरच्या त्या गल्लीत बाहेरपर्यंत ऐकू यायचं. मधली सुट्टी झाली की मुलं सतरंजीवर जोडीजोडीने बसायची आणि प्रत्येकाने शेजारच्याचा डबा उघडायचा. आपल्या डब्याला आपण हात लावायचा नाही, हा बाईंचा नियम. लहान बोटांना त्या डब्यांच्या कड्या कुठल्या निघायला! कोणी दात लावायचं, कोणी डबा पोटाशी धरून ओढायचं. बाई मात्र जागच्या हलायच्या नाहीत. जोडी न मिळालेलं एखादं मूल उरायचं, त्याच्या वाट्याला बाईंचा डबा यायचा. त्यामुळे पोरं मुद्दाम मागे उरायला बघायची.

तुम्ही बाईंना पाहिलं असतं, तर त्या प्रेमळ आहेत की आळशी, हे तुम्हालाही ठरवता आलं नसतं. मला तर नाहीच आलं. 'बाळा', 'सोन्या' हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. दयेच्या, परोपकाराच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. एखादं पोर धडपडून रडू लागलं, तरी त्या उचलायला धावायच्या नाहीत. बाकीच्यांकडे बघून एवढंच म्हणायच्या, "कोण बघतंय त्याच्याकडं?" मग चार-पाच जण एकदम धावायचे आणि पडलेल्याला आणखी एकदा पाडायचे.

"बाई कामचुकार आहेत," आमचे हे म्हणायचे. रात्रपाळी करून आल्यावर मनूला तिथे सोडायचं काम त्यांचं असायचं, म्हणून त्यांना मत द्यायचा हक्क होता.

मनू म्हणजे आमची मुलगी. तिने तो नियम घरीही आणला. ह्यांची दिवसपाळी असली की सकाळी कंपनीत न्यायचा डबा ओट्यावर तयार असायचा. हे बूट घालत असताना मनू तो उघडून ठेवायची, पप्पांना मदत म्हणून. हे घाईत डबा उचलायचे आणि डाळ थेट पँटवर. आधी ओरडायचे, मग हसत सुटायचे.

पुढे मनू मोठ्या शाळेत पहिलीला गेली आणि तिचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. भेंडीची भाजी दिली, बटाट्याची दिली, शेवटी गूळपोळी दिली. काही उपयोग नाही. त्यातच शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची मुलगी दुसऱ्या मुलांचे डबे उघडते. पालकांच्या तक्रारी आहेत. तिला घरी नीट जेवायला देता ना?"

मी लाजेने अर्धी झाले. घरी आल्यावर मनूला समोर उभं केलं.

"मी सगळ्यांचे उघडले," ती म्हणाली. "माझा कुणी उघडलाच नाही."

"मग आपला आपण उघडायचा!"

"आपला?" तिने असं विचारलं, की जणू मी तिला चोरी करायला सांगत होते.

मी तशीच तणतणत बाईंकडे गेले. मुलं घरी गेली होती आणि बाई सतरंजी झटकत होत्या. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. बाई सतरंजी हातात घेऊन खालीच बसल्या.

"उपाशी ऱ्हायली?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "पोर उपाशी ऱ्हायली?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी चुकीचं शिकवलं का गं?"

'हो' म्हणायचं ठरवूनच मी आले होते, पण तो शब्द काही निघेना. 'नाही' म्हणावं, तर मनूचा भरलेला डबा डोळ्यांसमोर.

"तिला सांग, आपला आपण उघड म्हणावं," बाई म्हणाल्या. मी चप्पल घातली, तर मागून आवाज आला, "नको, नको सांगू." आणि लगेच, "नाय, सांगच. पोर उपाशी नको." आम्ही दोघी मोठ्या बायका दारात उभ्या राहून एका झाकणाचं काय करायचं ते ठरवत होतो, आणि आम्हाला ते ठरवता येत नव्हतं.

शेवटी मी मनूला सांगितलं. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, असंही बजावलं. दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा येऊ लागला. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनूने ह्यांच्या डब्यालाही हात लावणं सोडलं. "आज डाळ सांडली नाही," हे एकदा जाता जाता म्हणाले, आणि हसले नाहीत.

काही महिन्यांनी कळलं, की बाई मोरीत घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. बालवाडी बंद झाली होती. त्यांचा भाचा त्यांना नांदगावला न्यायला येणार होता. मी सांजा केला आणि मनूला घेऊन भेटायला गेले.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मनू समोर उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. बाईंनी ते पाहिलं. त्या डाव्या हाताने कडी ओढू लागल्या. कडी निघेना. मी पुढे व्हावं की नाही, मला कळेना.

मनूने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग हळूच म्हणाली, "बाई, उघडू का?"

बाईंचा हात थांबला. त्यांच्या वर्गात असं कुणी विचारायचं नाही, सरळ उघडायचं. आणि मी तर उघडूच नको म्हटलं होतं.

"उघड," बाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "हे कुणी शिकवलं हिला? मी तर नाय शिकवलं."

"मीही नाही," मी म्हणाले. सांजा अजून गरम होता, आणि बाईंचे डोळे भरून आले होते.

बाई नांदगावहून परत आल्या नाहीत. बालवाडीच्या खोलीला आता कुलूप आहे. ते पोरीला कुणी शिकवलं, याचा मला आजही उलगडा झालेला नाही. पण ह्यांची दिवसपाळी असली की सकाळी ओट्यापाशी आवाज येतो, "पप्पा, उघडू का?" बूट घालता घालता हे 'हो' म्हणतात, आणि आमच्याकडे पुन्हा डाळ सांडते.