खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

वेल्ह्याच्या बाजारात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, नि त्याच्यावरच सगळा कारभार. त्या खंडेनवमीला मी हट्ट धरला, की दुकानाची पूजा सासूबाईंनीच करायची. सासरे गेल्यापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. घरी हळदीकुंकू असलं की या मागच्या दारी भांडी घासत बसायच्या. मला ते बघून संताप यायचा. भाताची लावणी यांनी करायची, घर यांनी उभं करायचं, आणि शुभ काम निघालं की यांनीच आडोशाला जायचं, हा कुठला न्याय?

“लोकं काय म्हनत्याल?” त्या म्हणाल्या.

“लोकांचा कॉम्प्युटर हाय का? माजा हाय. तुमीच करा.”

शेवटी त्या तयार झाल्या, आणि मग हात आखडता घेतला नाही. नारळ नि झेंडूची फुलं नीट राहावीत म्हणून मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं होतं. त्यांनी त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं एकदम. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला रडूच आलं.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच, आणि आतून लांबलचक शिट्ट्या सुरू झाल्या. शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू लगेच डोकावल्या. “तरी म्या म्हनलं व्हतं, सवाशिणीच्या हातनं करा.”

सासूबाई डोक्यावर पदर ओढून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. कॉम्प्युटर भोरला पाठवला असता तर दुरुस्त होऊन आला असता, पण तोवर ही बाई पुन्हा मागच्या दारी गेली असती, नि कायमची. बिघाडाचं कारण आजच सापडायला हवं होतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

शिट्टी लांब आणि पुन्हापुन्हा, म्हणजे रॅमची, मेमरीच्या पट्ट्यांची तक्रार, एवढं कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकले होते. झाकण काढलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या त्यांच्या खाचांतून उपसल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासून परत बसवल्या. सुरू झाला! पण थोड्या वेळात निळी स्क्रीन आली आणि पुन्हा बंद. मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला, तर चुकांच्या लाल ओळींवर ओळी. काकू परत डोकावल्या. मी म्हटलं, “काकू, गिऱ्हाईक आलंय तुमच्याकडं.” आलं नव्हतं.

मग एकेक पट्टी वेगवेगळी लावून पाहिली. एका खाचेत दोन्ही पट्ट्या झकास चालल्या. दुसऱ्या खाचेत एकही चालेना. म्हणजे पट्ट्या ठणठणीत होत्या, खोट खाचेत होती. मोबाईलचा टॉर्च मारून वाकून पाहिलं आणि मला हसू फुटलं.

“आई, हितं या. बघा.”

त्या नको नको म्हणत आल्या. झाकणाच्या जाळीतून पाणी आत झिरपलं होतं, आणि खाचेत कुंकवाचा चिखल होऊन वाळला होता. कडेला एक पिवळा तांदूळही चिकटला होता.

“आगं बया! म्हंजे माज्यामुळंच बंद पडला की!”

“व्हय, तुमच्यामुळंच. लई वतलंत. पर एवढं पानी नि कुंकू सवाशिणीनं वतलं असतं, तरी बंदच पडला असता.”

खाच साफ करायला मी छोटा ब्रश उचलला. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच ते कुंकू हलक्या हातानं झाडून काढलं. मी पट्ट्या बसवल्या, तपासणी पुन्हा लावली. या वेळी लाल ओळ एकही आली नाही. कॉम्प्युटर सुरू झाला तसा मी सुस्कारा सोडला, पण सासूबाई कुठं गेल्या म्हणून बघते तर त्या थेट किराणा दुकानासमोर.

“ऐकलं का गं? म्या पानी-कुंकू लई वतलं म्हनून अडाकलं व्हतं! कुनाच्या बी हातनं अडाकलंच असतं!”

एसटीची वाट बघणाऱ्या पासली गावच्या बायकांनाही त्यांनी ते ऐकवलं. आपलीच चूक बाजारभर सांगून इतकी खूश झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

“मंग फुडल्या वर्सी कोन करनार पूजा?” काकूंनी विचारलं.

“मीच की,” सासूबाई म्हणाल्या. “वर फडकं टाकीन.”