विजूचा लांबलेला श्रावण आणि आमची अरू

अरू गेल्याचं मला विजूने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात बसून, पवईच्या तलावातली मगर आमच्या पाण्याच्या टाकीत कशी आली होती, ते सेक्रेटरीला रंगवून सांगत होतो. "दादा, डॉक्टर मॅडम गेल्या रे. पहाटे, झोपेतच..." मी विचारलं, "कुठे गेल्या?" असल्या वेळी माणूस काय वाट्टेल ते विचारतो. फोन ठेवला आणि उठून चालू लागलो. मगर टाकीतच राहिली. याला आता महिना होत आला.

डॉक्टर अरुंधती म्हणजे भांडुपच्या शाळेपासूनची माझी मैत्रीण. पुढे तिने घाटकोपरला दवाखाना काढला, संसर्गजन्य आजारांचा. टीबी, मलेरिया, डेंग्यू, एचआयव्ही, आणि ज्या तापाला कुणाला नाव देता येत नाही असे सगळे ताप तिच्या दारात. मी चारचौघांत ठोकून द्यायचो की आमची अरू डासाच्या नुसत्या गुणगुणण्यावरून मलेरिया की डेंग्यू ते सांगते. एके दिवशी तिचा फोन, "थापाड्या, आज एक माणूस बाटलीत जिवंत डास भरून घेऊन आला. तुझा पत्ता देऊ का त्याला?" तिचा आवाज असा की घाटकोपरला शिंकली तर मुलुंडची कबुतरं उडायची. पण पेशंटसमोर बसली की तोच आवाज इतका खाली यायचा की बाहेर बाकावर बसलेल्याला कान लावूनही काही कळू नये. मी लावून पाहिलाय, म्हणून सांगतो.

विजू माझा मामेभाऊ, लिफ्टचा मेकॅनिक. (हे त्याचं खरं नाव नाही. लिहू का, असं विचारलं तर म्हणाला, "लिही, पण मला हिरो करू नको.") आम्ही मालवणकडचे. आमच्यात श्रावण लागला की मासे बंद होतात, ते गणपती पोचवून आल्यावरच सुरू होतात, आणि त्या दिवशी घरात जी पंगत बसते तिच्यासाठी अर्धा अरबी समुद्र उपसावा लागतो. एका वर्षी त्या पंगतीला अरू होती. समोर बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, आणि विजूच्या पानात दही-भात! मामीच्या डोळ्यांत कौतुक मावेना. "माझ्या झिलान यंदा श्रावण सोडूकच नाय. देवान बुद्धी दिली." मी लगेच पुढे सरसावलो. विजूला वैराग्य आलंय, आता हिमालयात लिफ्ट बसवायला जाणार, वगैरे. तो सुकलाही होता, पण त्याचं श्रेय आम्ही उपासांना देऊन मोकळे झालो होतो. सगळे हसले. अरू मात्र हातातला घास तसाच ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"विजू, तिखट नको वाटतं की लागतं?"

"लागतं."

"कुठे?"

त्याने छातीच्या मध्यावर बोट ठेवलं. "गिळताना. काचा उतरल्यासारखं."

"उद्या दवाखान्यात ये. उपाशी यायची गरज नाही, तेवढं तू करतोच आहेस," ती म्हणाली आणि सुरमईचा दुसरा तुकडा मागून घेतला. पंगतीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. अख्ख्या घराने ज्याला भक्ती म्हटलं, ते अन्ननलिकेत माजलेल्या बुरशीचं दुखणं होतं. धडधाकट शरीरात ही बुरशी सहसा एवढी माजत नाही. त्याला एचआयव्ही निघाला, जोडीला मानेच्या गाठींचा टीबी. अरूने मला यातलं अक्षर सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायची, "मामेभाऊ तुझा, पेशंट माझा." सांगितलं ते विजूनेच, बऱ्याच दिवसांनी. बायकोला, मंदाला, त्याने अरूसमोर बसून सांगितलं. तिची तपासणी निर्दोष आली. मंदा मग त्याच्याशी बोलेनाशी झाली. डबा मात्र देत होती.

आधी टीबीची औषधं, मग काही आठवड्यांनी एचआयव्हीची. विजू परत जेवू लागला, अंगावर जरा मांस दिसू लागलं आणि एकदम ताप उसळला. मानेच्या गाठी सुजून लिंबाएवढ्या झाल्या. त्याने सगळ्या गोळ्या बंद केल्या. "औषधच मला मारतंय, दादा." त्याच्यापुढे माझी अक्कल चालेना. मी अरूला फोन केला. ती दवाखाना आटोपून भांडुपच्या टेकडीवर, विजूच्या घरी, पायऱ्या चढून आली. तिचं वजन आणि त्या पायऱ्या यांचं जुनं वैर होतं. धापा टाकत ती येईपर्यंत मी माझं काम सुरू केलं होतं. मुलुंडच्या एका माणसाच्या मानेवर याहून मोठ्या, चांगल्या नारळाएवढ्या गाठी आल्या होत्या, आणि आज तो पठ्ठ्या मॅरेथॉन धावतो, असं मी विजूला सांगत होतो. तो ऐकत होता. खरं तर त्याला पटतही होतं.

"असा कुणी मुलुंडचा माणूस नाहीये," अरू दारातूनच म्हणाली. मग पाणी प्यायली, विजूजवळ बसली. "हे बघ. तुझ्या शरीरातले पहारेकरी इतके महिने आजारी पडून होते. औषधाने ते उठले. आता टीबी दिसल्यावर दंगा करतायत, म्हणून सूज. बहुतेक हेच असावं. पण मला खात्री करायला हवी, टीबीचं औषध लागू पडतंय ना, तेही बघायला हवं. दोन-चार दिवस ॲडमिट हो."

"मी वाचेन ना, मॅडम?"

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत मिटलं.

"बहुतेक लोक यातून बाहेर येतात. सगळे येत नाहीत. गोळ्या सोडणारे तर फारच कमी."

मला वाटलं, संपलं. आता हा उशीत तोंड घालणार. विजू उठून बसला आणि मंदाला म्हणाला, "पिशवी भर." मंदाने पिशवी भरली आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "टॉवेल कुठला घेऊ?"

विजू वाचला. अजून लिफ्ट दुरुस्त करतो, आणि गोळी रोजची आहे, जन्मभराची.

म्हणूनच अरू गेल्यावर मला धास्ती होती ती त्याची. शोकसभेला तो आला नाही. फोन उचलेना. शेवटी मंदाने मला बोलावलं, "भावजी, तुम्ही न्या त्यांना." मी त्याला घाटकोपरला घेऊन गेलो. दवाखाना आता तिच्याच हाताखाली शिकलेली एक तरुण डॉक्टर चालवते. खोली तीच, पण टेबल आता मध्ये आलंय आणि पलीकडे डॉक्टरची खुर्ची. विजू आत शिरून उभाच राहिला.

"बसा ना," डॉक्टर म्हणाली.

"मॅडम टेबल भिंतीला लावायच्या," तो म्हणाला. "मध्ये काही ठेवायच्या नाहीत."

तिने उठून टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं विजूने धरलं. दोघांनी ते भिंतीपर्यंत सरकवलं. खुर्च्या समोरासमोर आल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. विजू बसला.

"त्या गेल्यापासून मी गोळ्या घेतलेल्या नाहीत," तो म्हणाला. "एकही नाही."

माझ्या डोक्यात एकदम दहा सबबी तयार झाल्या, एकाहून एक सरस... पण मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर रागावली नाही. खुर्ची किंचित पुढे घेत तिने आवाज खाली आणला आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. आत विजू बोलत होता. काय, ते एक अक्षर ऐकू आलं नाही.