आईचे अर्धे पिक्चर

माझे वडील सोलापुरातल्या एका थेटरात डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, शिट्ट्या फार झाल्या की दम द्यायचा. आई विड्या वळायची. दुपारी कारखान्यात विड्या देऊन ती वडिलांचा डबा थेटरावर न्यायची आणि पोचेपर्यंत मध्यंतर झालेलं असायचं. जिन्यावर बसून वडील जेवायचे आणि खाता खाता तिला तोवरची गोष्ट सांगायचे. मध्यंतरानंतर दारावर कोणी तिकीट विचारत नसे. घंटा झाली की ते तिला रिकाम्या खुर्चीवर बसवून यायचे.

अशा रीतीने आईने शेकडो पिक्चर पाहिले, पण सगळे अर्धे. शेवट तिला पाठ, सुरुवात फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलेली.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ते थेटर पाडलं, तिथे आता गाड्या लावतात. हल्ली मल्टिप्लेक्सात जुने पिक्चर पुन्हा लावायची टूम निघाली आहे. त्यातल्या एकाची जाहिरात आईने पाहिली आणि माझ्यामागे लागली.

"येकदा तरी पयल्यापास्नं बघू दे की. लई दिसांची विच्छा हाय."

खरं सांगायचं तर मला ते जिवावर आलं. सहा दिवस ऑफिसात मान मोडायची, सातव्या दिवशी धुणं, दळण आणि आता हे. पण तिचं वय पाहून गेले.

आमच्या जुळे सोलापूर भागातून रिक्षाने जाताना तिने मला पिक्चर सांगून टाकला. म्हणजे दुसरा अर्धा. "हिरोची पोरगी न्हाय त्यात. ती सुरवातीलाच मामाकडं जाती, शाळंला. लई हुशार असती."

दारातच पिशवी तपासली. कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचा डबा बाहेर ठेवून घेतला. सरकत्या जिन्यावर आई पाय ठेवेना, म्हणून लिफ्ट शोधली. मोबाइलवरचं तिकीट एका मुलीने न बघताच यंत्राला दाखवलं. आत अंधार. आई तिथेच थबकली.

"डोअरकीपर कुटं हाय?"

"आता नसतो आई."

"मग खुर्ची कोन दावतं?"

"आपली आपण शोधायची." मी जरा तोडूनच बोलले. तिने माझा हात धरला.

पिक्चर सुरू झाला. नायकाची छोटी मुलगी आली, दोन वेण्यांची, बडबडी. आई खुशीत होती. मला मात्र डुलकी लागत होती. मग मुलीला ताप भरला. मामा कुठे दिसेना. ताप वाढत गेला आणि मुलगी गेली. लगेच मध्यंतर, दिवे लागले.

आई पडद्याकडेच बघत होती.

"ही मामाकडं गेली म्हनले हुते."

"कोण?"

"हेच. तुजी धाकटी भैन गेली त्याला पंदरा दिस झाले हुते. तिचा ताप उतरलाच न्हाय की. मला इडी वळवंना, नुसती भिंतीकडं बघत बसायची. हे म्हनले, डबा घिऊन ये, हितं बस जरा. मी इचारलं, ह्यो गडी का रडतोय? तर म्हनले, पोरगी मामाकडं गेलीय, याद येती त्याला."

माझी झोप उडाली. धाकटी गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तापट, घरात कुणाशी धड न बोलणारे, असेच वडील मला आठवतात. तो पिक्चर त्यांनी दिवसाला तीनदा, आठवडेच्या आठवडे पाहिला असणार.

"चल, घरी जाऊ," आई म्हणाली.

"अजून अर्धा राहिलाय."

"त्यो बघितलाय की."

माणसं पॉपकॉर्न घेऊन आत येत होती, आम्ही बाहेर पडलो. ठेवलेला डबा परत घेतला. रिक्षात ती तो मांडीवर धरून बसली होती. आता तिला पुन्हा आणायला मी एका पायावर तयार होते. म्हटलं, दुसरा एखादा जुना लागला की येऊ या.

"नगं," ती म्हणाली. "बाकीचे ह्येंनी सांगितल्यात तसंच ऱ्हाऊ देत."