खदानीच्या तलावावर आमचे तंबू

माझं बिछायत केंद्र आहे. लग्नाला गाद्या, पातेली, मंडप पाठवायचे आणि परत आणायचे, हा धंदा. पातेली गेली तेवढी कधी परत येत नाहीत, चमच्यांचं तर विचारूच नका. किस्से मात्र प्रत्येक घरून गाडी भरून येतात! तरी माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा कुठल्या लग्नाचा नाही, आमच्या तंबूंचा आहे.

तुमसर तालुक्यातलं आमचं गाव. गावाबाहेर मॅंगनीजची खदान होती. ती बंद पडली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि खड्डा भरत भरत त्याचा तलाव झाला. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याकडे पाठ करून राहिलो. मग एक दिवस कमलाकाकूंचा विलास नागपूरहून आला, काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "इथं तंबू लावू. लोकं राहाले येतीन!"

विलास नागपुरात एका सेठची गाडी चालवायचा. सेठने दिवाळीपर्यंत सुट्टी दिली होती. तोवर पाहुणे आले तर विलास गावात, नाही तर परत नागपूर. काकूंना हा एकुलता एक. त्या तोंडाने एवढंच म्हणाल्या, "पाय बापा, जमते तं." पण त्या दिवसापासून चहाटपरीवरच्या आमच्या प्रत्येक मीटिंगला काकू हजर!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये एका म्हाताऱ्याने खोडा घातला. "घर असून कापडात कोण झोपते?"

सुखदेवभाऊ उठले. हे खदानीत ब्लास्टर होते, सुरुंग लावायचे. जन्मभर स्फोट ऐकल्यामुळे ते शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या गावात ऐकू जाईल असं बोलतात.

"आपण लगनात झोपत नाही काय कापडात? तवा तं घरी जा म्हटलं तरी जात नाही!"

सगळे हसले आणि ठराव पास झाला. माझा मंडप त्याच क्षणी कामाला लागला, मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

*

तंबूच्या खुंट्या ठोकायच्या होत्या. जमीन मुरमाची, लोखंडी सब्बल उलटी हातावर यायची. सुखदेवभाऊ म्हणाले, "भोकं पाडाचं काम माह्यावर सोडा!" ओळखीतून त्यांनी ड्रिल मशीन आणली आणि सकाळपासून जी घरघर लावली, ती जेवायच्या वेळेला थांबली.

आम्ही पाहायला गेलो. दोरी लावल्यासारखी सरळ ओळ, सारखं अंतर. विलासने पहिली खुंटी भोकात सोडली. ती गेली. म्हणजे गेलीच! वरून दिसेनाशी झाली.

"भाऊ, खुंटी कुठं गेली?"

"आत हाय. मजबूत!"

भाऊंनी तंबूसाठी सुरुंगाची भोकं पाडली होती. त्यांना भोक म्हणजे तेवढंच माहीत! वर त्यांनी खिशातून शिट्टी काढून जोरात फुंकली आणि आम्हा सगळ्यांना झाडामागे उभं केलं.

मी विचारलं, "आता हे काहून?"

भाऊ ओशाळले. "आदत पडली ना बे!"

*

मग विलासने नेटवर जाहिरात टाकली. पहिला फोन आला तो नेमका भाऊंनी उचलला. समोरच्याने विचारलं, आसपास पाहण्यासारखं काय आहे? भाऊ सुरू झाले, "आपल्या जिल्ह्यात काय नाही! नवेगावबांध हाय, एवढा मोठा तलाव हाय..."

विलासने फोनवर हात ठेवला. "भाऊ, नवेगावबांध गोंदियात गेलं!"

"कवा?"

"आपला जिल्हा फुटून गोंदिया येगळा झाला तवाच! आता किती वर्षं झाली!"

भाऊंनी त्याचा हात बाजूला केला आणि फोनमध्ये ओरडले, "जिल्हा गेला असन, तलाव तं तिथंच हाय ना! तुमी या!"

तो माणूस काही आला नाही. दिवाळी जवळ येत चालली होती आणि विलासचा चेहरा उतरत चालला होता; परत जावं लागणार, असं तो काकूंना म्हणूही लागला होता.

*

तरी त्याने काम सोडलं नाही. तंबूपासून पाण्यापर्यंत पायवाट आखली, दोन्ही बाजूंनी काळे दगड लावले. फार सुरेख दिसत होती. आम्ही टपरीवर चहा घेऊन परत येतो तर पायवाट गायब! कमलाकाकू हातोडी घेऊन बसलेल्या आणि त्यांच्या दोन बाजूंना दगडांचे दोन ढीग.

काकू खदानीत दगड फोडून मॅंगनीज वेचायच्या. हातात दगड आला की वजनावरूनच त्यांना माल कळतो.

"माय, रस्ता कुठं गेला?"

"चांगला माल अन् हलका माल एकात मिसळला होता तुनं. निवडून ठेवला."

"पण आता माल न्याले कोणी येत नाही!"

"नाही आलं तं नाही. पाहुणे काय म्हणतीन? याच्या मायले वेचता येत नाही?"

विलासने फक्त चांगल्या मालाची पायवाट पुन्हा लावली. मला एकदम भरून आलं, म्हणून मी उगाच गाद्या झटकायला गेलो.

*

आणि दिवाळीच्या तोंडावर पाहुणे आले! नागपूरचं एक जोडपं आणि त्यांची छोटी मुलगी. गाडीतून उतरले आणि फाटकातच थबकले. नवरा म्हणाला, "आम्ही चुकून लग्नात आलो का हो?"

मी वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कमान माझ्याच गोदामातली! तिच्यावर लाल मखमलीत चमकत होतं, 'वधूपक्षातर्फे हार्दिक स्वागत'.

बायको हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण आहेर नाही आणला."

सुखदेवभाऊ गरजले, "लगन कोणाचंच नाही! तुमी फक्त जेवा!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने मासेमारीचा डोंगा काढला. पाहुण्यांना लाईफ जॅकेट घातली. मुलगी हट्टाला पेटली, "आजीपण!" खदान बुडाल्यापासून काकूंनी त्या पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. पण पाहुण्यांचं मन कसं मोडायचं? जॅकेट घालून बसल्या. मी डोंग्याच्या मागच्या टोकाला.

मध्यावर गेल्यावर मुलीने विचारलं, "आजी, इथे खाली काय आहे?"

काकू वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माही बसाची जागा."

पाहुण्याने चष्मा सारखा केला. "आजी, तुम्ही डायव्हिंग करायच्या?"

"तवा पाणी नव्हतं, बापू. खाली बसून माल वेचत होतो. डब्बा बी तिथंच खात होतो." काकूंनी वल्ही मारणाऱ्या विलासकडे बोट केलं. "हा पोटात होता माह्या."

मुलीने पाण्याकडे पाहिलं, मग विलासकडे. "म्हणजे दादा इथलेच?"

"इथलाच. आता नागपूरले जातो म्हणते."

विलासचं वल्हं थांबलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आमच्या गावात फोनला पूर्ण रेंज मिळते ती फक्त तलावाच्या मध्यावर. सेठचा आवाज इतका खणखणीत, की मागे मलासुद्धा शब्द न् शब्द ऐकू आला. "विलास, सोमवार से आ रहा है ना?"

विलासने आईकडे पाहिलं.

"हॅलो? सेठ? हॅलो? काही ऐकू येऊन नाही राहिलं!" तो ओरडला आणि त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

काकूंनी पदराने तोंड पुसलं, काठाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वल्हव ना लवकर! पाहुण्यायच्या भाताले उशीर होऊन राहिला!"